कसाऱ्याला गाडी थांबते ती इंजिनासाठी

दादरला इंडिकेटरवर 'एन' हे अक्षर लागलं की अजूनही माझं पाऊल आपोआप उचलतं. कल्याण लोकलला के, कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन. एन म्हणजे नाशिक, असं आजी सांगायची. लोकल काही नाशिकला जात नाही, पण आजीने सांगितलं म्हणून मी बरीच वर्षं तेच धरून चालले होते. कसारा माझं आजोळ. आई तिथून लग्न होऊन परळच्या चाळीत आली. मी परळलाच वाढले, इथेच नोकरीला लागले. पण मे महिना आणि दिवाळी म्हटलं की कसारा, हे शाळा संपेपर्यंत ठरलेलं होतं.

मुंबईतल्या बहुतेकांना कसारा माहीत असतो तो फलाटावरच्या घोषणेतून. कळसूबाई किंवा रतनगडला जाणाऱ्या पोरांना जरा जास्त, कारण ती मंडळी रात्रीच्या शेवटच्या लोकलने येतात, स्टेशनातच पाठीवरच्या सॅकवर डोकं टेकून पडतात आणि पहाटे बाहेरच्या जीपवाल्याशी भाडं ठरवतात. बाकीच्यांसाठी ते लोकल जिथे संपते ते ठिकाण. सीएसएमटीपासून १२१ किलोमीटर, कल्याणपासून ६७. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी आणि मग कसारा. आसनगावनंतर डबा रिकामा होत जातो आणि खिडकीतून येणारा वारा बदलतो. पावसाळ्यात तर खर्डी सोडली की ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराचा वास एकदमच आत येतो. मग समोर डोंगराची भिंत उभी राहते आणि लोकल थांबते.

लोकल ती भिंत चढत नाही. पलीकडे इगतपुरी आहे, रुळावरून जेमतेम १५ किलोमीटर. पण तेवढ्यात गाडी सुमारे ३०० मीटर वर जाते. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा तो चढ. आपल्याकडच्या मोठ्या लाइनवरचा हा सगळ्यात खडा चढ समजला जातो, खंडाळ्याच्या बोरघाटाच्या तोडीचा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ मध्ये धावली, कसाऱ्यापर्यंत रूळ पोचले १ जानेवारी १८६१ ला, आणि इगतपुरीला गाडी गेली १ जानेवारी १८६५ ला. म्हणजे या १५ किलोमीटरनी बरोबर चार वर्षं खाल्ली. बोगदे, पूल, कड्याला सुरुंग. एहेगावच्या दरीवरचा पूल १८२ फूट उंच आहे. त्या चार वर्षांत उत्तरेकडची आगगाडी कसाऱ्यालाच संपायची आणि पुढे थळ घाटातून, म्हणजे याच कसारा घाटातून, बैलगाड्या. मला याचं फार वाटतं. चार वर्षं का होईना, सगळ्या गाड्या आमच्या गावासाठीच यायच्या.

मामा रेल्वेत होता. १९७० च्या सुमाराला खलाशी म्हणून लागला, पुढे पॉइंट्समन झाला आणि २००९ मध्ये निवृत्त. सगळी नोकरी घाटाच्या पायथ्याशी गेली. त्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर घाट चढणाऱ्या गाडीला मागून बँकर जोडणं. पुढच्या इंजिनाला एकट्याने हा चढ झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं लावतात. ती इगतपुरीपर्यंत ढकलत नेतात, तिथे सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी खाली येतात. रात्रंदिवस हेच चालतं. बोरघाटात हे काम कर्जतला होतं.

मी सात-आठ वर्षांची असताना मामाने मला एकदा ते जवळून दाखवलं होतं. फलाटाच्या टोकाला उभं केलं आणि सांगितलं, "इथून एक पाऊल पुढे टाकायचं नाही." गाडीचा शेवटचा डबा समोर होता. मागून बँकर इतका हळू आला की तो चालतोय हे फक्त चाकांवरून कळत होतं. मामा रुळाच्या कडेने त्याच्याबरोबर पावलं टाकत होता, हात वर करून, तळवा ड्रायव्हरकडे. बफरला बफर टेकले, स्प्रिंग दबल्या, इंजिन थांबलं. मग मामा वाकून दोन्हींच्या मधे शिरला. जाडजूड लोखंडी कडी दोन हातांनी उचलून त्याने हुकात टाकली, मधला दांडा गरागरा फिरवून स्क्रू आवळला, ब्रेकचा होस पाईप जोडला आणि कॉक उघडला. हवा सुस्कारल्यासारखी आत गेली. बाहेर आला तेव्हा त्याच्या खाकी बाह्यांना काळं ग्रीस लागलं होतं आणि कपाळावर घाम. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी हिरवी झेंडी, मग मी. पुढून दूरवर एक शिट्टी झाली, मागच्या इंजिनाने तिला उत्तर दिलं आणि गाडी दोन्ही टोकांनी हलली.

त्या दोन शिट्ट्या कसाऱ्यात कुणालाही झोपेत कळतात. पहिली पुढची, लांबची. दुसरी मागची, घराजवळची. आजी रात्री कूस बदलताना म्हणायची, "लागला गं बँकर."

मामाच्या सुरुवातीच्या काळात ढकलायला स्वित्झर्लंडच्या बनावटीची जुनी इंजिनं होती, डब्ल्यूसीजी-१. त्यांना सगळे 'खेकडा' म्हणायचे. चाकांना जोडणारे दांडे बाहेरून फिरताना दिसायचे, चालताना इंजिन डोलायचं आणि उभं असताना कण्हल्यासारखा आवाज करायचं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात त्यातलं एक ठेवलंय. ते बघायला मामाला नेते असं मी त्याला कबूल केलंय, अजून जमलेलं नाही. त्या वेळी मुंबईच्या बाजूला १५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि इगतपुरीच्या पुढे २५,००० व्होल्टची एसी. त्यामुळे इगतपुरीला गाडीचं पुढचं इंजिनच बदलायचे आणि प्रवासी खाली उतरून निवांत वडे खायचे. आता सगळीकडे एसी आहे, इंजिन बदलायचं काम उरलं नाही. पण चढ होता तिथेच आहे, त्यामुळे कसाऱ्याचा बँकरही आहे.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. इगतपुरीकडे जाणाऱ्या बहुतेक लांबच्या गाड्या कसाऱ्याला थांबतात. नागपूरच्या, हावड्याच्या, उत्तर प्रदेशातल्या, बिहारमधल्या. दिवसभर आमच्या फलाटाला अर्धा देश येऊन टेकतो. पण तो थांबा इंजिनासाठी असतो, माणसांसाठी नाही. तिकिटावर, वेळापत्रकात मोजक्याच गाड्यांना कसारा छापलेला असतो. बाकीच्या गाड्या चार-पाच मिनिटं समोर उभ्या राहतात, दारं उघडी असतात, आतला माणूस बाहेरच्या भेळवाल्याशी बोलत असतो, आणि आपल्याला तिच्यात चढायचा हक्क नसतो.

आणि खाली, मुंबईकडे येताना तर तेवढंही नाही. उतारावर ढकलायला कुणी लागत नाही. गाडीचे ब्रेक वर तपासतात, घाटात ठरलेल्या जागी तिला पूर्ण थांबवून पुन्हा सोडतात. तिथे कॅच सायडिंग आहेत, म्हणजे गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला बाजूच्या चढावर वळवून थांबवणारे रूळ. एवढे सोपस्कार करून खाली आलेली गाडी कसाऱ्याला न थांबता निघून जाते. म्हणजे ज्या बाजूला आमच्या लोकांचं पोट आहे, कॉलेज आहे, इस्पितळ आहे, त्या बाजूला जायला जवळपास सगळी भिस्त लोकलवर. दुपारची एक लोकल चुकली की तास-दीड तास फलाटावर बसायचं.

वर जाणाऱ्यांची गोष्ट निराळी आहे आणि तितकीच अवघड. आमच्या गावाला बाजाराला, डॉक्टरला इगतपुरी जवळ. पण लोकल वर जात नाही, थांबलेल्या एक्स्प्रेसमध्ये बसायचं नाही, मग उरते स्टेशनाबाहेरची जीप. माणसं कोंबून ती घाटरस्त्याने जाते. माझ्या लहानपणी भुसावळ पॅसेंजर होती, तिने आम्ही आजीबरोबर इगतपुरीला जायचो. आजी घाटभर खिडकीजवळ हात जोडून बसायची आणि इगतपुरीच्या घाटनदेवीला बसल्या जागेवरून नमस्कार करायची. ती गाडी गेली. तिच्या वेळेला धरून ज्यांचं सगळं जुळलेलं होतं, ते जीपकडे वळले.

मागच्या वर्षी श्रावणात मामाला मोतीबिंदूच्या तपासणीसाठी परळला आणला होता. त्याला आता ७६ वं चालू आहे. सगळं आटोपेपर्यंत संध्याकाळ झाली. दादरला कसारा लोकल आली तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नव्हती. एका मुलाने हात देऊन मामाला आत घेतलं, मी बायकांच्या डब्यात चढले आणि कल्याण येईपर्यंत दर स्टेशनला मान काढून बघत राहिले की तो मधेच तर उतरला नाही. टिटवाळ्याला गर्दी ओसरली, मी धावत त्याच्या डब्यात गेले. तो तिथपर्यंत उभाच होता. डोळ्यात औषध घातल्यामुळे त्याला दिवे पसरट दिसत होते. "गाडी रिकामी झाली का गं?" म्हणाला.

कसाऱ्याला उतरलो तर पलीकडच्या रुळावर एक एक्स्प्रेस उभी. मागे बँकर लागत होता. ती दादरहून आमच्या नंतर सुटलेली होती आणि तरी आमच्याबरोबर पोचली होती. मी वैतागून म्हटलं, "मामा, हिच्यातच बसलो असतो तर तुला बसायला तरी मिळालं असतं. इथे थांबणारच होती." बरेच लोक तसं करतात, पुढच्या स्टेशनचं तिकीट काढतात आणि गुपचूप इथे उतरतात. मामा चालता चालता थांबला. म्हणाला, "तो हॉल्ट आपला नाही, बाळ. मी तिथे मधे शिरून कप्लिंग करत असायचो. वर दारात कोण उतरतंय, कोण चढतंय, कुणाचा पाय कुठे आहे, हे खाली असलेल्या माणसाला दिसत नाही." एवढंच. सगळी नोकरी झाली, पण ज्या गाडीला कसारा छापलेला नाही तिच्यातून तो कधी उतरला नाही.

त्याचं म्हणणं मला मान्य आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की हा थांबा चोरून वापरायची वेळ कुणावर येऊ नये. जिथे गाडी रोज थांबतेच आहे तिथे सकाळ-संध्याकाळच्या दोन-चार गाड्यांना तरी कसारा छापून द्यावा, रीतसर तिकीट द्यावं, आणि माणसांना चढ-उतार करायला दोन मिनिटं मोजून द्यावीत. कल्याण ते कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम चालू आहे, ते झालं की लोकल वाढतील अशी गावाची आशा आहे. मीही तीच धरून आहे. आज दोनच रुळांवर लोकल, मेल आणि मालगाड्या एकामागून एक चालतात, म्हणून एकीला उशीर झाला की सगळ्यांना होतो.

या लोकलवर किती जणांचं जगणं टांगलेलं आहे हे बघायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच्या गाडीच्या सामानाच्या डब्यात डोकवावं. वळीव पडून गेला की आसपासच्या पाड्यांवरच्या ठाकूर, कातकरी बायका शेवळं घेऊन येतात. जांभळट, दांड्यासारखी रानभाजी. जुड्या पळसाच्या पानात बांधलेल्या, बाजूला काकडांची, म्हणजे आंबट रानफळांची, छोटी पुरचुंडी, कारण काकडं घातली नाहीत तर शेवळं घशाला खाजतात. त्या आधी, मे महिन्यात, द्रोणातून करवंदं आणि जांभळं. नंतर कुर्डू, भारंगी, टाकळा. रात्री अडीच-तीनला उठून, टॉर्चच्या उजेडात डोंगर उतरून त्या स्टेशनात येतात आणि सात-आठच्या आत कल्याण, डोंबिवली, ठाणे, दादरच्या पुलांखाली बसलेल्या असतात. एकदा दादरला मी एका मावशीकडून दोन जुड्या घेतल्या आणि विचारलं, कुठल्या तुम्ही? "उंबरमाळीकडची," म्हणाल्या. मी कसाऱ्याची, म्हटलं, तर त्यांनी तिसरी जुडी पिशवीत टाकली आणि पैसे घेईनात. "आपल्या लाइनीची पोर," म्हणाल्या. मी मुंबईत जन्मले, वाढले, पण हे मला कुणी परळकर म्हणण्यापेक्षा जास्त आवडलं.

ही लाइन तुटली की काय होतं तेही आम्ही पाहिलंय. २०२१ च्या जुलैत, २१ तारखेच्या रात्री, घाटात दरडी आल्या आणि उंबरमाळीला पाणी फलाटापर्यंत चढलं. त्या रात्री मामाचा फोन लागत नव्हता. सकाळी लागला तेव्हा तो पहिलं काय बोलला असेल? स्वतःचं नाही, घरात आलेल्या पाण्याचं नाही. "रात्रभर एकही शिट्टी नाही गं. झोपच लागली नाही."

परवाच्या रविवारी मी मुक्कामाला होते. सकाळी मामाला घेऊन स्टेशनच्या पुलावर गेले. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला रूळ स्वच्छ दिसायला लागलेत आणि तो रोज सकाळी तिथे जाऊन उभा राहतो. धुकं होतं. आठच्या सुमाराला खालून शिर्डीची वंदे भारत आली. २०२३ च्या फेब्रुवारीपासून ती या मार्गावर आहे. तिच्या डब्यांखालीच मोटारी असल्यामुळे तिला बँकर लागत नाही. त्या आधी, २०१९ मध्ये नाशिकमार्गे दिल्लीची राजधानी सुरू झाली, तिला पुढे-मागे दोन्हीकडे स्वतःची इंजिनं. त्यामुळे तिलाही कसाऱ्याची गरज नाही. वंदे भारत आमच्या पायाखालून सरळ निघून गेली, वळणावर पांढरी-निळी दिसली आणि बोगद्याच्या दिशेने नाहीशी झाली. मामा कठड्याला धरून ऐकत होता. मला कळलं की तो दुसऱ्या शिट्टीची वाट बघतोय. ती यायची नव्हती हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

"छान चढते," तो म्हणाला. "बघत राहावं अशी."

मी विचारलं, "सगळ्याच अशा झाल्या तर?"

त्याने उत्तर दिलं नाही, कारण तेवढ्यात मागून एक एक्स्प्रेस फलाटाला लागत होती. साधी, लांबलचक, जनरलच्या डब्यात माणसं दारापर्यंत. बँकर सावकाश पुढे सरकला. एक तरुण पॉइंट्समन, गळ्यात वॉकीटॉकी, त्याच्या बाजूने चालत होता आणि त्याचा हात वर होता, तळवा ड्रायव्हरकडे. आता डब्यांचं कप्लिंग नव्या पद्धतीचं, कडी उचलावी लागत नाही. दोन पंजे एकमेकांत अडकावेत तसा खट आवाज होऊन ते बसतं. पोरगा तरीही वाकून नीट बघून घेत होता. होस पाईप जोडला, बाहेर आला, मागे सरकला. पुढची शिट्टी. मागची शिट्टी. मामाने मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं.

"चार मिनिटं. आम्हाला सात लागायची," म्हणाला. गाडीचा शेवटचा डबा आणि त्याला रेटणारं इंजिन धुक्यात शिरेपर्यंत तो तिथेच थांबला. मग माझ्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि जिना उतरायला लागला. "चल लवकर. तुझी लोकल लागली असेल, पुन्हा तासभर गाडी नाही."